क्रँककेस वायुवीजन

अंतर्ज्वलन इंजिनाच्या क्रँककेसमध्ये (क्रँकदांडा ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीत) साचणारे वायू व बाष्प सतत बाहेर काढण्याची व्यवस्था. पिस्टन रिंगा कितीही घट्ट बसल्या, तरी सिलिंडरातील दाबामुळे थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. पेट्रोल इंजिनात त्यात न जळलेल्या मिश्रणाचा वाटा मोठा असतो. सोबत पाण्याची वाफ व आम्लकारी वायू येतात. हे सारे आत कोंडले, की ऑइल सील गळू लागतात, ऑइलचा चिकट गाळ होतो आणि बेअरिंगना गंज चढतो.

पूर्वी क्रँककेसमधून एक नळी खाली सोडलेली असे. गाडी धावताना नळीच्या तोंडाशी हवेचा दाब घटे व वायू ओढले जात. उभ्या गाडीत अर्थातच ही ओढ नसे.

हे वायू पुन्हा इनटेककडे (इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गाकडे) वळवणाऱ्या पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) पद्धतीचा उगम अनेकदा दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांशी जोडला जातो : खोल पाण्यातून जाताना उघड्या नळीतून पाणी आत शिरू नये, हा हेतू. हे कारण संभाव्य वाटते. मात्र प्रवासी मोटारींतील प्रसाराचे श्रेय लॉस एंजेलिसच्या धुरक्याला देणे अधिक सयुक्तिक. रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास त्याचा संबंध हायड्रोकार्बनांशी (न जळलेल्या इंधनातील संयुगांशी) दाखवला. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारींत ही योजना १९६१ च्या मॉडेलपासून आली. देशभर ती १९६३ च्या आसपास रुळली. पहिल्या संचांत ताजी हवा घेणारे तोंड उघडेच असल्याने इंजिनावर पूर्ण भार आला की जादा ब्लो-बाय तिथून उलटा बाहेर पडे. ते एअर फिल्टरला जोडल्यावर ही पद्धत खऱ्या अर्थाने बंदिस्त झाली.

योजनेचे मर्म पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये आहे. आयडलिंगला (इंजिन भाराविना मंद चालताना) इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांतील) निर्वात तीव्र असतो. तो स्प्रिंगवरील दट्ट्या ओढून वाट अरुंद करतो. थ्रॉटल (हवेची झडप) उघडल्यावर निर्वात घटतो, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते व वाट रुंदावते, म्हणजे ब्लो-बाय वाढतो नेमका तेव्हाच. बॅकफायर (इनटेकमध्ये ज्वाळा उलटी येणे) झाल्यास दट्ट्या उलट्या दिशेने बसून ज्वाळा अडवतो. काढलेला व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळला नाही, तर तो गाळाने जखडला असे समजतात. खुळखुळला म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

डिझेल इंजिनात थ्रॉटलजन्य निर्वात सहसा नसतो. तिथे पडद्याचा दाबनियंत्रक व ऑइल विभाजक वापरतात. जहाजांच्या मोठ्या इंजिनांत तापलेल्या भागाशी ऑइलचे धुके पेटून स्फोट होऊ शकतो. १९४७ मध्ये ‘रेना डेल पॅसिफिको’ या जहाजावर अशा स्फोटात २८ जण दगावले.