दम लागणं आणि उंची लागणं

आपल्याकडे गाडी लागते, बोट लागते. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या होडीत लाटा जरा उसळल्या की एखादा जोर-बैठका मारणारा गडी काठावर वाकून ओकत असतो आणि त्याची आजी शेजारी शांतपणे शेंगा सोलत बसलेली असते. त्या गड्याला कोणी अशक्त म्हणत नाही. ‘बोट लागली त्याला’ म्हणतात, लिंबू हुंगायला देतात, विषय संपतो.

हिमालयात उंचीही अशीच लागते. पण तिथे आपली भाषा बदलते. ‘दम कमी पडला’, ‘सवय नव्हती’, ‘वय झालं आता’. दम लागणं ही एक गोष्ट, उंची लागणं ही दुसरी. रत्नागिरीहून मंडळी घेऊन हिमाचलात मनालीजवळच्या हामटा खिंडीचा ट्रेक आखताना सगळ्यात जास्त वेळ माझा या दोन गोष्टींची गाठ सोडवण्यात जातो. बूट कुठले, स्लीपिंग बॅग कुठली, हे सगळं नंतर.

दम आपल्या ओळखीचा. मे महिन्यात रत्नागिरीतल्या भगवती किल्ल्याचा चढ भरभर चढा. पाय प्राणवायू मागतात, छाती तेवढा पुरवू शकत नाही, मग भाता सुरू होतो. दगडावर टेका, दोन घोट पाणी प्या, चार-पाच मिनिटांत माणूस परत गप्पा मारायला लागतो. दम तुम्ही करताय त्या कामाशी बांधलेला असतो. काम थांबलं की तोही थांबतो.

वर गेल्यावर घोळ होतो, कारण तिथे दम सगळ्यांनाच जास्त लागतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, २१ टक्के. पण हवेचा दाब उतरतो, त्यामुळे एका श्वासात हाती येतं ते कमी. समुद्रकाठी १०० धरलं तर मनालीत, म्हणजे २,०५० मीटरवर, ते साधारण ७८ होतं. बालू का घेरा या मुक्कामावर, ३,६०० मीटरच्या आसपास, ६४. आणि हामटा खिंडीत, सुमारे ४,२७० मीटरवर, ६० च्या जरा खाली. म्हणजे तंबूतून बाहेर येऊन बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. यात आजार काहीच नाही. तो दमच आहे, फक्त महागलेला.

उंची लागते ती वेगळ्या वेळी. चढताना नव्हे, पोचल्यावर. बहुतेकदा ६ ते १२ तासांनी, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री, माणूस निवांत बसलेला असताना. आधी डोकं दुखतं. मग मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गरगरणं, किंवा चालण्याच्या मानाने जास्तच गळून जाणं, यातलं एखादं तरी सोबत येतं. साधारण २,५०० मीटरच्या वर मुक्काम केला की हे कोणालाही होऊ शकतं. शरीर नव्या हवेशी जमवून घ्यायला जोरात श्वास घेऊ लागतं, मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्काचं गणित पुन्हा बसवतात. या कामाला दिवस-रात्री लागतात आणि ज्याचं त्याचं शरीर आपापल्या गतीने ते करतं. मांड्या किती भक्कम, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मागे एकदा गणपती आटोपल्यावर आम्ही गेलो होतो. बालू का घेराला पोचलो तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांच्या मागून, तासाभराने आले. दर वीस पावलांवर काठीवर रेलत. तंबूंपाशी आल्यावर मटकन बसले. मंडळींनी तिथल्या तिथे सभा घेऊन ठरवूनही टाकलं : काकांना उद्या खाली पाठवायचं. आमचा गाइड कुल्लूकडचा, कमी बोलणारा. त्याने काकांच्या हातात चहा दिला आणि समोर उकिडवा बसून राहिला. दहा मिनिटांत काका बिस्किट बुडवून खात, त्यालाच सफरचंदाचा भाव विचारत होते. ‘ये ठीक हैं,’ तो म्हणाला आणि उठून जेवणाच्या तंबूत गेला.

तिथे आमच्या शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. दिवसभर मधल्या घोळक्यात, कोणाच्या डोळ्यांवर न येता चाललेल्या. समोर वरण-भाताचं ताट. त्यांनी चमच्याने भाताचा ढीग या कडेचा त्या कडेला सारला, परत इकडे आणला. एक शीत तोंडात नाही. विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही हो, उन्हाने जरा डोकं चढलंय.’ मीही मान डोलावली होती. गाइडने नाही डोलावली. त्याने त्यांना बाहेर नेऊन एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावलं. चालल्या नीट. मग पाणी, थोडं सूप, डोकेदुखीची साधी गोळी, आणि सकाळी पुन्हा बघू. सकाळी डोकं तसंच, वर उलटी. बाई एका मदतनिसाबरोबर ट्रेक जिथून सुरू होतो त्या जोबऱ्याकडे उतरल्या, काका खिंड ओलांडून पलीकडे लाहौलात गेले. बाई रागावल्या माझ्यावर, अजूनही पुरत्या निवळलेल्या नाहीत.

त्यांचं ‘उन्हाने डोकं चढलंय’ तसं खोटं म्हणता येत नव्हतं. पाणी कमी पडलं, उपाशी चाललं, तरी डोकं धरतं. पण तशी डोकेदुखी खाणंपिणं आणि विश्रांती झाली की ओसरायला लागते. तरीही रिवाज असा की त्या उंचीवर डोकं दुखलं तर आधी उंचीच लागली असं धरायचं, आणि लक्षणं आहेत तोवर वर चढायचं नाही. पाणी भरपूर प्यायलं की उंची लागत नाही, हा मात्र गैरसमज. बादलीभर पाणी ढोसून काही साधत नाही.

एका ठिकाणी मात्र दम आणि उंची या दोघांची सरमिसळ होते आणि तीच जागा धोक्याची. बसल्या जागी, झोपल्या जागी धाप लागत असेल, सोबत खोकला असेल, तर तो दम नव्हे. फुप्फुसात पाणी उतरायला लागल्याची ती खूण असू शकते. तसंच टाच-अंगठ्याच्या चालीत झोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज येतेय असं समजायचं. दोन्हींवर खरा उपाय एकच, लगेच खाली उतरणं, रात्र असली तरी. सिलिंडरचा प्राणवायू आणि औषधं उतरेपर्यंत वेळ काढून देतात. उलट, शेजारी झोपलेल्याचा श्वास मध्येच काही क्षण थांबतो आणि मग एकदम मोठा येतो, हे ऐकून पहिल्या रात्री लोक घाबरून मला उठवतात. उंचावर झोपेत असं खूप जणांना होतं. झोपू द्यावं.

आता आखणी. दमासाठी तयारी घरी होते. दोन-तीन महिने आधीपासून चालणं, पळणं, पाठीवर पिशवी घेऊन चढ. आमच्याकडे मार्लेश्वरच्या पायऱ्या आहेत, खेडला रसाळगड, महिपतगड आहेत. ही तयारी कराच, कारण खिंडीचा दिवस लांबलचक असतो आणि दमलेला माणूस उतारावर पाय मुरगळून घेतो. पण उंचीची तयारी कोकणात बसून होत नाही. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. म्हणजे मनालीपेक्षाही खाली.

उंचीसाठी तयारी म्हणजे रात्री. म्हणून कार्यक्रमपत्रिका हातात आली की खिंड किती उंच, किती किलोमीटर, हे आधी बघू नका. झोपणार कुठे कुठे, ते बघा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसरीत झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा फार वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक थांबा असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. हामट्याचे नेहमीचे मुक्काम चिका सुमारे ३,१००, बालू का घेरा ३,६००, खिंड ओलांडून सेआ गोरू ३,९००, मग छत्रू ३,३५० असे असतात. यात अवघड उडी पहिलीच. आपण मंगला एक्स्प्रेसने दिल्लीला, तिथून रात्रीच्या बसने सकाळी मनालीत. काही जण त्याच दिवशी चिक्याला चढवतात. समुद्रकाठच्या माणसाने मनालीत एक पूर्ण रात्र काढावी, हा माझा हट्ट आहे. त्यापायी एका कंपनीशी माझं बोलणंही मोडलं. आणि शेवटी चंद्रतालला तंबूत राहायची हौस असेल तर लक्षात ठेवा, ते तळं ४,२५० मीटरच्या आसपास आहे. ट्रेक संपल्यावरचा तो मुक्काम ट्रेकमधल्या प्रत्येक मुक्कामापेक्षा उंच असतो.

नेणाऱ्यांना विचारायचं ते दोनच. एखाद्याला परतवावं लागलं तर सोबत उतरायला वेगळा माणूस आहे का? आणि रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ते काय ठरवतात? बालू का घेराला ८५-९० आकडा दिसला तर मंडळी हादरतात, पण त्या उंचीवर तो नेहमीचाच. थंड बोटावर तर यंत्र काहीही दाखवतं. नुसत्या आकड्यावर माणूस वर किंवा खाली पाठवणारा गाइड मला नको. ताटात भात राहिला का, हे बघणारा हवा.

डायमॉक्स या उंचीवरच्या गोळीबद्दल दर वेळी विचारतात. ती गोळी शरीराचं जमवून घेण्याचं काम लवकर करवते, त्रास झाकत नाही. पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून, आणि घ्यायची का, किती, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांनी ठरवावं. दमासाठी तिचा उपयोग शून्य.

राहिलं परतीचं तिकीट. ते सुटीच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका. एक राखीव दिवस ठेवा. बाईंना सकाळी ‘एक दिवस थांबून बघू’ म्हणायची सोय माझ्यापाशी नव्हती, कारण अकरा जणांची तिकिटं मी ठरल्या तारखेची काढून ठेवली होती.