वीरेंद्र सेहवाग : आंतरराष्ट्रीय कारकीर्द

वीरेंद्र सेहवाग (जन्म : २० ऑक्टोबर १९७८) हा भारताचा उजव्या हाताने खेळणारा सलामीवीर असून कसोटी सामन्यांत त्रिशतक झळकावणारा तो पहिला भारतीय फलंदाज होय. त्याने १०४ कसोटी सामन्यांत ४९.३४ च्या सरासरीने ८,५८६ धावा केल्या. त्यात २३ शतके आहेत. या धावा त्याने दर शंभर चेंडूंमागे ८२ हून अधिक या वेगाने केल्या, आणि त्याच्या कारकिर्दीचे खरे मोल याच आकड्यात आहे. २५१ एकदिवसीय सामन्यांतील ८,२७३ धावा आणि १५ शतके हीदेखील मोठी कामगिरी असली, तरी त्या प्रकारात त्याची सरासरी ३५ च्या आसपासच राहिली. झटपट क्रिकेटसाठी घडल्यासारखा दिसणारा हा फलंदाज प्रत्यक्षात कसोटीचाच होता.

दिल्लीच्या वेशीवरील नजफगढमध्ये वाढलेल्या सेहवागचे एकदिवसीय पदार्पण १९९९ मध्ये मोहालीत पाकिस्तानविरुद्ध झाले, आणि शोएब अख्तरच्या चेंडूवर तो एका धावेवर पायचीत झाला. ऑगस्ट २००१ मध्ये कोलंबोत न्यूझीलंडविरुद्ध सलामीला पाठवल्यावर त्याने ६९ चेंडूंत शतक केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्लूमफॉन्टेन येथील पहिल्याच कसोटीत, सहाव्या क्रमांकावर खेळताना, त्याने सचिन तेंडुलकरच्या साथीने द्विशतकी भागी रचली आणि १०५ धावा काढल्या. मधल्या फळीत मात्र जागा नव्हती. त्यामुळे २००२ च्या इंग्लंड दौऱ्यात, सौरव गांगुलीच्या कर्णधारपदाच्या काळात, त्याला कसोटीतही सलामीला उतरवण्यात आले. लॉर्ड्सवर ८४ आणि पुढच्याच कसोटीत ट्रेंटब्रिजवर शतक काढून त्याने ती जागा आपलीशी केली.

पहिला तास गोलंदाजाला द्यावा, उरलेला दिवस आपला असतो, ही शिकवण भारतीय सलामीवीरांना, विशेषतः मुंबईच्या मैदानांवर घडलेल्यांना, पिढ्यानपिढ्या मिळत आली. सेहवागने ती मानली नाही. त्याचे पाय फारसे हलत नसत. मात्र डोके स्थिर असे, चेंडूची लांबी त्याला लवकर कळे आणि हात विलक्षण वेगाने येत. ऑफ यष्टीबाहेर जरा जागा मिळाली, की पॉइंट आणि कव्हरच्या मधून चेंडू सीमेकडे जाई, तर उसळता चेंडू तो स्लिपच्या डोक्यावरून थर्डमॅनकडे भिरकावत असे. नव्या चेंडूसाठी लावलेले आक्रमक क्षेत्ररक्षण हे इतरांना संकट वाटते, त्याला मात्र त्यात मोकळे मैदान दिसत असे. फिरकी गोलंदाजांना तर तो स्थिरावूच देत नसे. या वेगाचा लाभ संघाला वेळेच्या रूपाने होई, कारण मोठी धावसंख्या लवकर उभी राहिल्याने प्रतिस्पर्ध्याचे वीस बळी घेण्यासाठी गोलंदाजांच्या हाती एखादे सत्र जास्त उरत असे.

मार्च २००४ मध्ये मुलतानला पाकिस्तानविरुद्ध सकलेन मुश्ताकला षटकार ठोकून त्याने तीनशे पूर्ण केले आणि ३०९ पर्यंत मजल मारली. त्याआधी तीनच महिने मेलबर्नला, १९५ वर असताना, षटकार मारण्याच्या प्रयत्नात तो झेलबाद झाला होता. तरीही द्विशतकाच्या वा त्रिशतकाच्या उंबरठ्यावर सावध होणे त्याने कधी स्वीकारले नाही. मार्च २००८ मध्ये चेन्नईत दक्षिण आफ्रिकेने ५४० धावा केल्यावर त्याने तिसऱ्या दिवशी एकट्याने २५७ धावा काढल्या आणि २७८ चेंडूंत त्रिशतक गाठले. ३१९ ही त्याची सर्वोच्च धावसंख्या होय.

दर्जाच्या दृष्टीने मात्र २००८ मधील श्रीलंकेविरुद्धची गॉलची नाबाद २०१ धावांची खेळी या दोन्हींच्या वर ठेवावी लागते. मुथय्या मुरलीधरन आणि त्या मालिकेत नव्याने आलेला अजंता मेंडिस यांच्यापुढे भारताचे इतर नामवंत फलंदाज चाचपडत असताना, ३२९ धावांच्या डावात तो सलामीला येऊन अखेरपर्यंत टिकला. भारताने मालिका गमावली, पण जिंकलेली एकमेव कसोटी तीच होती.

मुंबईकरांच्या आठवणीत आहे ती डिसेंबर २००९ मधील ब्रेबॉर्न स्टेडियमवरची कसोटी. तेथे छत्तीस वर्षांनी कसोटी सामना होत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीलंकेचा डाव ३९३ वर आटोपला, आणि खेळ थांबला तेव्हा सेहवाग २८४ वर नाबाद होता. आजवर कोणालाही न जमलेले तिसरे कसोटी त्रिशतक तिसऱ्या दिवशी सकाळी होणार, असे सारेच धरून चालले होते. मात्र २९३ वर मुरलीधरनने आपल्याच चेंडूवर त्याचा झेल टिपला. भारताने ९ बाद ७२६ वर डाव घोषित करून सामना डावाने जिंकला आणि कसोटी क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थान मिळवले.

त्याच्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. स्विंग होणारा चेंडू आणि बरगड्यांच्या रोखाने येणारा मारा त्याला अडचणीत आणीत असे. दक्षिण आफ्रिका, इंग्लंड आणि न्यूझीलंडमधील त्याची कामगिरी मायदेशाच्या मानाने फिकी आहे. संघाच्या दुसऱ्या डावात त्याचे एकच शतक आहे, ते म्हणजे २००८ मधील ॲडलेडचे १५१. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर २०११ मध्ये बर्मिंगहॅमला तो दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. त्याच वर्षी वानखेडेवरील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही तो शून्यावर परतला होता, पण डिसेंबरमध्ये इंदूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने २१९ धावा करून एकदिवसीय सामन्यांतील तेव्हाचा विक्रम मोडला. नजर आणि हात यांच्या मेळावर उभी असलेली फलंदाजी वयाबरोबर लवकर ढासळते. २०१३ मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अखेरच्या कसोटी सामन्यांत तो चष्मा लावून खेळला. २० ऑक्टोबर २०१५ रोजी, आपल्या सदतिसाव्या वाढदिवशी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

त्याचा विचार पुढे नेणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड वॉर्नर ठळक आहे. वॉर्नर केवळ ट्वेंटी-२० चा फलंदाज मानला जात होता, तेव्हा दिल्लीच्या आयपीएल संघातील सहकारी सेहवागने त्याला सांगितले, की कसोटीत क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती असतात, म्हणून तू तेथे अधिक यशस्वी होशील. जानेवारी २०१२ मध्ये पर्थला वॉर्नरने ६९ चेंडूंत शतक आणि पुढे १८० धावा केल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी संघ भारताचा होता आणि सेहवाग त्या संघात खेळत होता.