कुत्र्याला नुसता पंखा लावून भागत नाही

मे महिन्यात भुसावळला दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको, आपण डोक्याला रुमाल बांधतो, खिशात कांदा ठेवतो आणि घरी आलो की पंख्याखाली बसतो, मग कुत्र्यालाही तिथेच बसवतो आणि वाटतं झालं. मी पण बरीच वर्षं हेच करायचो.

पण पंख्याने आपल्याला गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना अंगातली साधारण ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच आणि तेवढ्याने काही होत नाही. त्याचं अंग मुळात ३८ ते ३९ डिग्री, खोलीतली हवा ४२ ची असली तर पंखा त्याच्या कोरड्या केसांवर गरम झळाच मारत राहतो. पोट, काखा आणि पाय ओले केले की मग तोच पंखा कामाला येतो.

त्याचा खरा कूलर म्हणजे त्याची धाप. जीभ बाहेर काढून मिनिटाला ३०० च्या वर श्वास घेतो, ती हवा जिभेवरून, तोंडातून, नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून जाते आणि तिथलं पाणी उडून रक्त गार होतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ही जागाच कमी आणि श्वासाची वाटही अरुंद, आपल्या भागात ही जात पाळायची तर फार जपावं लागतं.

आता कूलरचं. आपली हवा कोरडी म्हणून कूलर मस्त चालतो, पण खिडकी बंद ठेवून चालवला तर खोलीत दमट होतं, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी उडत नाही, म्हणजे धाप टाकून टाकून कुत्रं दमतं पण गार काही होत नाही. खिडकी उघडी हवीच. जून उजाडला, पाऊस लांबला, तेव्हाही हेच होतं, पारा उतरलेला असतो म्हणून आपण गाफील.

आमचा मोती एकदा संध्याकाळी पाच वाजता फिरायला नेल्यावर डांबरी रस्त्यावरच बसला. ऊन उतरलं होतं पण रस्ता तापलेलाच होता, हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद टेकवून बघायचं हे मला तेव्हा सुचलं नाही. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खात. मी रिक्षा बघायला पळणार तर शेजारचे काका म्हणाले, "आधी पानी टाक भो त्याच्यावर, दवाखान्यात मंग जाय." एकदम बरोबर होतं ते. शरीर ४१ डिग्रीच्या वर गेलं की मिनिटामिनिटाने आतलं नुकसान वाढतं, म्हणून आधी गार करायचं आणि वाटेतही करत राहायचं. फक्त एक, दुपारभर तापलेल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल इतकं गरम येतं, ते सोडून द्यायचं, रांजणाचं नाहीतर बोअरचं घ्यायचं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो थोड्या वेळात गरम होऊन उलट उष्णता आत कोंडतो. शुद्धीत असेल तरच पाणी पाजायचं. आणि पॅरासिटामॉल अजिबात द्यायचं नाही, हा उष्माघात आहे, ताप नाही, गोळीने उतरत नाही आणि कुत्र्याला ती विषारी ठरू शकते.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली ओली माती उकरून पोट टेकवून पडलेली कुत्री दिसतात ना, पोटाला केस विरळ म्हणून तिथूनच उष्णता लवकर निघते, त्यांना तिथून हाकलू नका प्लीज.

मोती तासाभरात उठला, शेपटी हलवली, तरी त्याला डॉक्टरकडे नेलाच, कारण किडनी, लिव्हर, रक्त गोठण्याची गडबड दोन-तीन दिवसांनीही वर येते, लघवी लाल किंवा शी काळी झाली तर लगेच परत आणा असं त्यांनी सांगितलं.