कर्नल बदलला आणि लॅपटॉप तापू लागला

लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा, अपडेट केला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, तरी पंखा थांबायचं नाव घेत नाही आणि कीबोर्ड गरम लागतोय. कधी याच्या अगदी उलट होतं: लॅपटॉप थंडगार, पण साधी खिडकी उघडायलाही अडखळतो. अशा वेळी बॅटरी म्हातारी झाली म्हणून नवी मागवणं ही घाई आहे. आधी प्रोसेसरला हुकूम कोण देतंय ते पाहावं.

प्रोसेसर चालू असताना त्यातल्या स्विचिंगला लागणारी वीज ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले घड्याळाचा वेग (प्रोसेसरचे सेकंदाला पडणारे ठोके), या हिशोबाने ठरते. व्होल्टेज आणि वेग दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवले, तर ही वीज जवळपास निम्म्यावर येते. म्हणून कर्नल कामाचा भार बघून सेकंदाला अनेकदा वेग वर-खाली करत राहतो. प्रत्यक्ष बदल घडवतो तो ड्रायव्हर, आणि किती वेग मागायचा हे ठरवतो तो गव्हर्नर.

गोंधळ इथेच होतो. जुन्या, सर्वसाधारण ड्रायव्हरसोबत ‘पॉवरसेव्ह’ गव्हर्नर निवडला की प्रोसेसर सर्वांत कमी वेगाला खिळून बसतो, काम कितीही येवो. 2013 मध्ये कर्नल 3.9 सोबत इंटेलच्या चिपसाठी ‘इंटेल पी-स्टेट’ हा नवा ड्रायव्हर आला. त्याच्याकडेही ‘पॉवरसेव्ह’ आहे, पण तो भार वाढला की वेग वाढवतो. नाव तेच, वागणं वेगळं! पुढे 2020 मध्ये, ज्या जुन्या चिपना स्वतःचा वेग स्वतः ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी या ड्रायव्हरची आपोआप लागू होणारी पद्धतच बदलली आणि तिथे ‘पॉवरसेव्ह’चा अर्थ पुन्हा पहिल्यासारखा झाला. कुणी पूर्वी लॅपटॉप सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा शब्द लिहून ठेवला असेल, तर कर्नल बदलताच त्याचा लॅपटॉप रांगू लागणार. चिप धडधाकट, स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. हे तपासायला फार काही लागत नाही. कर्नल प्रत्येक कोअरसाठी (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागासाठी) छोट्या फाइली दाखवतो: एकीत ड्रायव्हरचं नाव, दुसरीत गव्हर्नरचं, तिसरीत चालू वेग. जुन्या आणि नव्या कर्नलवर त्या वाचून शेजारी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

पण वेग उतरवण्याइतकीच, माझ्या मते त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोप. काम नसलेला कोअर पायरीपायरीने गाढ झोपेत जातो. शेवटच्या पायऱ्यांवर त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. संपूर्ण चिप गाढ झोपायची तर आजूबाजूची उपकरणंही शांत असावी लागतात. एखादं वायफाय कार्ड सतत जागं राहिलं, तर तेवढ्यानेही चिपची झोप उथळ राहते. 2011 मधल्या कर्नल 2.6.38 नंतर अनेक लॅपटॉपची बॅटरी लवकर संपू लागली, त्याचं कारण याच बाजूचं होतं. ‘उपकरणांच्या जोडण्यांवरची वीजबचत इथे चालत नाही’ असं बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणारं त्याच्यातलं मूळ सॉफ्टवेअर, सांगे. वास्तविक काही लॅपटॉपांत बायोसनेच ती आधी सुरू करून ठेवलेली असे. कर्नल मात्र सांगितलेलं खरं मानून ती बंद करून टाकी. 2012 च्या 3.3 मध्ये दुरुस्ती आली: बायोसने नाही म्हटलं, तर आहे ते तसंच राहू द्यायचं.

लिनक्सची बहुतेक वितरणं (उबुंटू, फेडोरासारखी तयार रूपं) जुना कर्नल काढून टाकत नाहीत, तो सुरुवातीच्या मेनूत असतो. त्यावर लॅपटॉप सुरू करून त्रास गेला, तर दोष नव्या कर्नलकडे हे जवळपास नक्की. मग हजारो बदलांतला नेमका कुठला? कर्नलच्या कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये यासाठी अर्ध्या-अर्ध्याने शोधायची सोय आहे. मधला बदल घेऊन कर्नल बांधायचा, चालवायचा, त्रास आहे की नाही एवढंच सांगायचं. 16,000 बदल असले तरी साधारण 14 फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. वेळखाऊ काम आहे खरं, पण त्या एका बदलाचा पत्ता हाती घेऊन केलेली तक्रार विकसकाला लगेच कामाला लावते.