मऊ गव्हाला अंड्याचा आधार

मैद्याचे दोन गोळे मळायचे. एकात पाणी आणि मीठ, दुसऱ्यात पाण्याऐवजी अंडं. दोन्ही लाटून नूडल्ससाठी पट्ट्या कापायच्या आणि वेगवेगळ्या पातेल्यांत उकळायच्या. मी हे केलं तेव्हा पहिल्या पातेल्यातलं पाणी थोड्याच वेळात पेजेसारखं पांढुरकं झालं, पट्ट्या बुळबुळीत होऊन एकमेकींना चिकटल्या. दुसऱ्यातलं पाणी बरंच निवळ राहिलं. पट्ट्या पिवळसर, सुट्या आणि चावताना जीव असलेल्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या पट्ट्यातल्या शेतघरांत चिकन आणि घरी केलेल्या अंड्याच्या नूडल्स हे भरपेट जेवण आहे. पेनसिल्व्हेनियात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन बोलणारी शेतकरी कुटुंबं येऊन वसत गेली. 'नूडल' हा शब्दही मूळ जर्मनच. या भागात पिकतो तो प्रामुख्याने मऊ गहू. केक-बिस्किटांना उत्तम, पण प्रथिनं कमी. आपल्याकडे शेवयांसाठी बन्सी गहू शोधतात तो याच कारणाने: बन्सी म्हणजे ड्युरम, कडक आणि प्रथिनांनी भरलेला. इटलीच्या दक्षिणेतही ड्युरमचा रवा आणि पाणी एवढ्यावर पास्ता होतो. उत्तरेकडे, बोलोन्याच्या परिसरात मऊ गव्हाचं पीठ वापरतात आणि तिथे पिठात अंडं फोडतात. त्याच बोलोन्यात बेक्कारी या वैद्यक-रसायनाच्या प्राध्यापकाने १७२८ साली कणीक पाण्याखाली धूत धूत त्यातला चिकट भाग वेगळा काढून दाखवला. तेच ग्लूटेन.

गव्हातली ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिनं पाणी लागून मळली की एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं होतं. ग्लायाडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लूटेनिनमुळे ती मागे येते. म्हणून नुकताच मळलेला गोळा लाटला की आक्रसतो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवला की पीठ आतपर्यंत भिजतं, जाळ्यातला ताण उतरतो आणि लाटणं सहज फिरतं. हा अर्धा तास कृपा करून वाचवू नका.

अंड्यात साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यामुळे १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं घेतलं की वरून पाणी जवळजवळ लागत नाही. खरं काम सुरू होतं ते उकळताना. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गव्हातला स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो आणि त्याच सुमारास अंड्यातली प्रथिनंही गोठायला लागतात. जाळं वेळेत घट्ट झालं तर स्टार्चचे कण आतच अडकून राहतात. ते कमकुवत असलं तर स्टार्च बाहेर पाझरतो. माझ्या पहिल्या पातेल्यात तेच झालं. बलकाचं काम वेगळं. त्यात सुमारे ३० टक्के स्निग्धांश असतो, तो ग्लूटेनच्या धाग्यांना फार आवळू देत नाही. नुसता पांढरा भाग घातला तर पट्टी चिवट होते. पिवळा रंग ल्युटीनसारख्या द्रव्यांचा. कोंबडीने खाल्लेल्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून तो बलकात उतरतो.

शेवया आपण उन्हात कडकडीत वाळवतो आणि त्या वर्षभर टिकतात. अंड्याच्या ओल्या पट्ट्यांना हा नियम लावू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि घरातल्या उबेत ते भराभर वाढतात. पट्ट्या दोन तासांच्या आत शिजवाव्यात, नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

शेतावर या जेवणासाठी अंडी देणं थांबलेली जुनी कोंबडी घेत. तिचं मांस चिवट, कारण त्यात कोलॅजन, म्हणजे मांसाला बांधून ठेवणारं प्रथिन, पक्कं झालेलं असतं. मंद आचेवर दोन-तीन तास शिजताना त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटू लागतो. मग नूडल्स वेगळ्या न उकळता याच रश्शात सोडतात, तेही पट्ट्यांवर भुरभुरलेलं पीठ न झटकता. पाणी गढूळ करणारा स्टार्च इथे हवाच असतो. त्याने रस्सा दाटतो आणि नूडल्ससकट तो कुस्करलेल्या उकडलेल्या बटाट्यांवर वाढतात.