नखं खाण्याची सवय: कडू औषधाची बाटली घेण्याआधी वाचा

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात नखांना लावायच्या कडू औषधाची मागणी वाढते. बरेच जण मुलांसाठी नेतात. काही जण स्वतःसाठीच मागतात, पण हळू आवाजात. संकोच करू नका, मोठ्या माणसांतही ही सवय पुष्कळांना असते.

अशा औषधांत बहुधा डेनाटोनियम बेन्झोएट असतं. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये बधिर करणाऱ्या औषधांवर काम चालू असताना ते सापडलं. त्याच्याइतकं कडू दुसरं काही आजवर माहीत नाही म्हणतात. तरीही नुसत्या बाटलीने सवय सुटेल, असं आम्ही सांगणार नाही. वाचताना, मॅच बघताना, फोनवर बोलताना बोट तोंडात कधी गेलं हे आपल्याला कळतही नाही. कडूपणा फक्त तेवढं ध्यानात आणून देतो. त्या क्षणी हाताला दुसरं काम मिळालं नाही, तर चार दिवसांत कडू चवही अंगवळणी पडते.

म्हणून बोट ओठाशी गेलं की मूठ घट्ट आवळा आणि मिनिटभर तरी तशीच धरा. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही. अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. त्याआधी दोन-तीन दिवस हात कधी, कुठे तोंडात जातो ते वहीत टिपून ठेवा. दहाही बोटं एकदम जमत नसतील तर आधी दोन्ही अंगठे वाचवा, मग पुढचं बोट.

दाताला निमित्त मिळतं ते बहुतेक वेळा नखाच्या खरबरीत कडेचं किंवा बाजूला सुटलेल्या सालपटाचं. नेलकटर आणि छोटी कानस खिशात, पर्समध्ये असू द्या. सालपट ओढू नका, कापा. रात्री झोपताना नखांच्या कडांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा.

आपण हाताने जेवतो, त्यामुळे औषधाचा कडूपणा पोळीला, वरणभाताला लागतो आणि पोरं पहिल्याच दिवशी कंटाळतात. जेवणाआधी साबणाने हात धुवा, जेवल्यावर औषध पुन्हा लावा. उजव्या हाताला फक्त रात्री जेवणानंतर लावलं तरी चालेल. डोळ्यांना ते हात लागू देऊ नका. कातडी फाटली असेल तिथे आणि तीन वर्षांखालच्या मुलांना हे औषध लावू नका.

मुलांच्या बोटांना मिरची तर कधीच लावू नका, डोळ्यांत जाते. पाहुण्यांसमोर रागावूही नका. ताण वाढला की हात आणखी तोंडाकडे जातो.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने लागतात. मधे परीक्षा, आजारपण, नोकरीची काळजी आली की सवय डोकं वर काढते. तेव्हा वही आणि मूठ पुन्हा सुरू करा. आधीची मेहनत वाया गेलेली नसते.

नखाभोवती लाली, ठणका, पू दिसला तर ते नखुरडं असू शकतं. त्यावर आमच्याकडून मलम नेण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा. सयाजी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. बोटांतून रक्त येईपर्यंत खाणं थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर उपचार आहेत.

बाटली घेताना वापरायची पद्धत काउंटरवर नक्की विचारा. आम्ही मराठीत किंवा गुजरातीत लिहून देऊ.