पुढचा ॲक्सल मोकळा सोडताना: लॉकिंग हबची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. युद्ध संपल्यावर त्या शेतात आणि डांबरी रस्त्यावर आल्या, तेव्हा एक गैरसोय उघडी पडली. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर टू-व्हीलमध्ये टाकला, तरी पुढची चाके ड्राइव्ह फ्लँजमुळे (चाकाला बोल्टने जोडलेल्या तबकडीमुळे) हाफशाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, जखडलेलीच राहतात. इंजिनाची ताकद पुढे जात नाही, पण धावती चाकेच हाफशाफ्ट, डिफरन्शियल (दोन बाजूंना गती वाटणारा गिअरसंच), त्याचा पिनियन गिअर आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवत बसतात. काम शून्य, झीज चालूच. वर आवाज, थरथर आणि थोडे जास्त इंधन.

१९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांच्या कंपनीने या जीपसाठी लॉकिंग हब, म्हणजे चाक हाफशाफ्टला हवे तेव्हा जोडणारा आणि सोडवणारा भाग, बनवायला सुरुवात केली. फ्लँज काढायचा आणि त्याच बोल्टांवर हब बसवायचा. हबच्या आतला भाग हाफशाफ्टच्या स्प्लाइनवर (टोकावरच्या लांब दात्यांवर), बाहेरचा भाग चाकाला. मधली दातेरी रिंग डायल फिरवून पुढे सरकवली की दोन्ही एक होतात, मागे घेतली की चाक नुसते आपल्या बेअरिंगवर फिरते.

बसवण्याची पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आधी शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन मोजावेत: जुन्या विलीजच्या ॲक्सलला १०, सीजे (युद्धानंतरच्या नागरी) जीपच्या डाना ३० ॲक्सलला २७, कित्येक डाना ४४ ॲक्सलना १९. बोल्टही मोजावेत, जुन्या जीपला सहा, १९८० च्या दशकातल्या सीजेला पाच. पाच बोल्टांचे हब लवकर सैल होतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. टोयोटाच्या स्टडवर शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. ते पक्कडीने ओढून निघत नाहीत, नट थोडे सैल करून फ्लँजवर पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोकले की आपोआप सुटतात. सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेत बसणारी कडी) बसवताना शाफ्टच्या टोकाच्या आट्यांत बोल्ट लावून शाफ्ट बाहेर ओढून धरावा, नाहीतर खाच दिसतच नाही.

हब फुटला की दोष हबला दिला जातो. मूळ बहुधा चाकाच्या सैल बेअरिंगमध्ये असते. हबचा एक भाग चाकाशी आणि दुसरा शाफ्टशी बांधलेला असल्याने चाक डुगडुगले की दात तिरके भिडतात. स्पिंडलमधला (चाकाची बेअरिंगे ज्यावर बसतात त्या पोकळ खुंटीतला) झिजलेला बुशही तेच करतो. म्हणून हब लावण्याआधी बेअरिंग जुळवावे. सीजेच्या डाना ३० वर चाक फिरवत आतला नट ६८ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचा, १/६ फेरा मागे घ्यायचा आणि मग बाहेरचा लॉकनट आवळायचा. हबमध्ये ग्रीस ठासून भरू नये. पातळ थर पुरे. जाड ग्रीस थंडीत घट्ट होते आणि रिंग अर्ध्यातच अडकते. अर्धवट भिडलेले दात पहिल्याच जोराला उडतात.

दोन्ही बाजूंचे डायल एकाच स्थितीत हवेत. एक लॉक आणि एक फ्री राहिला, तर डिफरन्शियल सगळी गती मोकळ्या बाजूला देते आणि पुढून ओढ मिळतच नाही.

ब्रिटनमध्ये लँड रोव्हरच्या सीरिज गाड्यांवर फेअरी कंपनीचे हब रूढ झाले आणि विश्रांतीचीही किंमत असते हे तिथे लक्षात आले. शाफ्ट स्थिर असला की तेल उडत नाही आणि स्विव्हलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) वरचे भाग कोरडे पडतात. त्यामुळे अधूनमधून हब लॉक करून काही किलोमीटर चालवणे आवश्यक ठरले.

१९७३ च्या सुमारास अमेरिकेत एनपी२०३ सारख्या कायम फोर-व्हील ट्रान्सफर केस आल्या आणि लगोलग तेलटंचाईही आली. मालकांनी हब लावायला घेतले, पण पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलमुळे हब मोकळे ठेवताच गाडी जागची हलेना: सगळी ताकद मोकळ्या टोकाकडे. त्यासाठी मधले डिफरन्शियल निकामी करणारे पार्ट-टाइम किट आधी बसवावे लागले. नंतरच्या कायम फोर-व्हील लँड रोव्हरलाही हेच लागू आहे.

१९८० च्या दशकात गाडीतून न उतरता काम व्हावे म्हणून ऑटोमॅटिक हब आले. सुटण्यासाठी त्यांना थोडे रिव्हर्स जावे लागे. घाण किंवा जाड ग्रीस साचले की ते नको तेव्हा सुटत आणि हवे तेव्हा भिडत नसत. व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणाऱ्या हबमध्ये नळीला चीर गेली की सगळे ठप्प. म्हणून आजही ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवण्याची किट विकली जातात. फोर्ड रेंजरसारख्या गाडीत हब बदलून भागत नाही, स्पिंडलचे नटही बदलावे लागतात, कारण जुन्या यंत्रणेचा कॅम (हब भिडवणारा-सोडवणारा तुकडा) तिथेच बसलेला असतो.

काही उत्पादकांनी हबच वगळला. १९८४ च्या जीप चेरोकीत एका बाजूचा शाफ्ट ॲक्सलच्या आतच व्हॅक्यूमने सोडवला जाई आणि चाकाला सीलबंद युनिट बेअरिंग होते. अशा ॲक्सलवर हब बसवायला जागाच नाही. स्पिंडल, सुटी बेअरिंगे आणि नवा चाकहब असे पूर्ण रूपांतर करावे लागते.